शून्य गुणांचं उत्तर

मालाड,
२ डिसेंबर १९८४

प्रिय सुलू,

तुझं पाकीट बुधवारी मिळालं. राजारामभावोजींना सांग, ट्रॉम्ब्याच्या लायब्ररीतली इंग्रजी मासिकं वाचून अशी टिपणं काढून आणत जा, आम्ही गरीब मास्तरणी त्यांच्या ऋणी आहोत. तू पाठीमागे पेन्सिलीने मराठीत उतरवून दिलंस म्हणून मला कळलं तरी. अभिजित ताऱ्याभोवती धूळ आहे हे गेल्या वर्षी उपग्रहाला कळलं, आणि आता दक्षिणेकडच्या दुसऱ्या एका ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीचा चक्क फोटो निघाला. आपले नऊ ग्रह अशाच धुळीतून झाले असं मानतात, म्हणजे तिथेही ग्रह असू शकतील. मी तो कागद तीनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी गोराईला सातवीच्या वर्गात वाचून दाखवला.

वर्ग गप्प झाला गं. एरवी मासळीची गाडी गेली तरी खिडकीकडे पळणारी पोरं. सेराफिना नावाची एक मुलगी आहे, कॉन्सेप्टा मासेवालीची. ती उठून म्हणाली, "बाई, धूळ दिसते मग ग्रह का दिसत नाही?" मी म्हटलं, तारा फार तेजस्वी, ग्रह बारका, उजेडात हरवतो. तिने जरा विचार केला. म्हणाली, "म्हणजे लांबच्या होडीसारखं. दिवा दिसतो, होडी दिसत नाही." सुलू, अठरा वर्षं शिकवतेय, इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नसतं.

आणि आता ऐक पुढचं. आमचे हेडमास्तर धोंडिराम सर व्हरांड्यातून ऐकत होते. मधल्या सुट्टीत बोलावून म्हणाले, "बाई, पुस्तकात ग्रह किती?" मी म्हटलं, नऊ. "मग दहावा कुठून आणलात? इन्स्पेक्टर आले म्हणजे मी काय सांगू?" मी म्हटलं, सांगा की बाईंना वर्तमानपत्र वाचायची सवय आहे. त्यांनी मेमोच दिला. अभ्यासक्रमाबाहेरचे काल्पनिक विषय शिकवू नयेत. काल्पनिक म्हणे. तो मेमो मी डब्याखाली ठेवायला घेतलाय.

तुझी,
वनू


घाटकोपर,
९ डिसेंबर १९८४

प्रिय वनू,

मेमो वाचून मी आणि राजाराम दोघंही हसलो आणि मग दोघांनाही राग आला. तू शिकवत राहा. डी.एड.ला असताना तूच म्हणायचीस ना, पुस्तक म्हणजे उंबरठा, घर नव्हे.

त्या मुलीबद्दल मला एक सुचतंय. अंधेरीचं उपनगर बालविज्ञान मंडळ दर वर्षी सातवीच्या मुलांची परीक्षा घेतं. पहिल्या पाचांना मंडळाच्याच शाळेत आठवी ते दहावी प्रवेश आणि वसतिगृह. तुमच्या गोराईच्या शाळेत सातवीच्या पुढे काय? काहीच नाही. फॉर्म सोबत पाठवतेय. परीक्षा वीस जानेवारीला, रविवारी आहे. मुलीला बसवच.

तुझी,
सुलू


मालाड,
१० मार्च १९८५

प्रिय सुलू,

निकाल लागला. सेराफिना सहावी आली. पाचव्या नंबरच्या मुलापेक्षा दोन गुण कमी.

काल तिला घेऊन मी फेरीबोटीच्या धक्क्यावर बसले आणि एकेक प्रश्न विचारला. काय लिहिलंस, काय लिहिलंस. पोरीला सगळा पेपर पाठ आहे. सगळं बरोबर. फक्त सतराव्या प्रश्नावर येऊन मी थांबले. विधान असं: "विश्वात फक्त पृथ्वीवरच जीवसृष्टी आहे. चूक की बरोबर ते सांगून कारण द्या." पाच गुणांचा. तिने लिहिलं, हे विधान बरोबर की चूक ते आज कोणालाच सांगता येणार नाही. अभिजितभोवती धूळ सापडली आहे, तिथे ग्रह असतील, पण अजून कोणी पाहिला नाही. लांबच्या होडीचा दिवा दिसतो, होडी दिसत नाही, म्हणून होडी नाही असं म्हणता येत नाही. आणि माझी आई म्हणते, होडी दिसली तरी आत कोण आहे ते जवळ आल्याशिवाय कळत नाही. म्हणून ग्रह सापडला तरी त्यावर जीव असेलच असंही म्हणता येत नाही.

बारा वर्षांची पोर आहे. आई टोपली घेऊन बोरिवलीच्या बाजारात बसते, बाप विन्सेंट बोटीवर. घरात पुस्तक म्हणजे प्रार्थनेचं तेवढं. आणि जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या शास्त्रज्ञाने आज या प्रश्नाचं जे उत्तर दिलं असतं, तेच तिने दिलं. या उत्तराला कोणीतरी शून्य दिलंय, माझी खात्री आहे, कारण दुसरीकडे कुठे गुण जायला जागाच नाही. कोण आहे हा माणूस? नमुना उत्तर समोर ठेवून मुंडी खाली घालून रेघा मारत जाणारा असणार कोणीतरी. ज्याला स्वतःला आकाशात नऊच्या पुढे मोजता येत नाही त्याने आमच्या पोरींना नापास करायचं.

कॉन्सेप्टाने मला आधीच सांगितलं होतं, "बाई, नंबर आला तर तुमची, नाही आला तर टोपली आहेच." ती वाईट बाई नाही. तिचीही आई टोपली घेऊन बसायची. पण दोन गुणांसाठी? मी मंडळाकडे उत्तरपत्रिका बघायला मागणार आहे. अर्ज केला तर समोर बसून पाच मिनिटं बघू देतात म्हणे.

तुझी,
वनू


घाटकोपर,
१५ मार्च १९८५

प्रिय वनू,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. मुलीची समजूत काढ. सहावी येणंही थोडं नाही, बाराशे मुलं बसली होती.

पण उत्तरपत्रिकेचं राहू दे असं मला वाटतं. बघून काय होणार? निकाल बदलत नाहीत हे तुलाही माहीत आहे. उलट तुझ्यावरच आधीचा मेमो आहे, धोंडिराम सरांच्या कानावर गेलं तर आणखी ताप. तपासणाऱ्यांचाही विचार कर. चारचारशे पेपर असतात, वरून नमुना उत्तर दिलेलं असतं, त्याच्या बाहेर जाता येत नाही. सगळेच काही आंधळे नसतात.

त्यापेक्षा काहीतरी करता येण्यासारखं करू. मुलीला माझ्याकडे पाठव. आमच्या शाळेत आठवीला घेऊ, राहील माझ्या घरी. आम्ही दोघंच आहोत, खोली रिकामी आहे. तिच्या आईशी बोलून कळव.

उत्तर लवकर दे.

तुझी,
सुलू


मालाड,
१८ मार्च १९८५

सुलू,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदाच असं वाटलं की हे दुसऱ्याच कोणाचं आहे. तपासणाऱ्यांचा विचार कर म्हणे. त्यांनी केला का पोरीचा?

आणि तुझ्या घरी ठेवण्याचं. तू मनाची मोठी आहेस, कबूल. पण तिने भीक मागितलेली नाही. तिने परीक्षा दिली, उत्तर बरोबर लिहिलं, जागा तिची आहे. आज तू उपकार करून तिला खोली दिलीस की मंडळवाले मोकळे, तो रेघा मारणारा मोकळा. पुढच्या वर्षी दुसरी कोणीतरी असेल, तिला कोण खोली देणार? नाही. हक्काचं आहे ते हक्कानेच घ्यायचं. म्हणून मी नकार कळवते.

शनिवारी कॉन्सेप्टाला घेऊन अंधेरीला जातेय. अर्ज गेलाय.

वनू


मालाड,
२३ मार्च १९८५

सुलक्षणा,

आज दुपारी मंडळाच्या ऑफिसात चिटणीस चंद्रप्रकाश सबनीस यांनी आमच्यासमोर उत्तरपत्रिका ठेवली. प्रश्न सतरा. मार्जिनमध्ये आधी पाच लिहिलेत. ते खोडून शून्य केलंय. खाली लाल शाईत, "प्रश्न जीवसृष्टीचा आहे, होडीचा नाही. 'माहीत नाही' हे उत्तर नव्हे."

ते पाय मोडलेले 'ह' मी अठरा वर्षं वाचतेय. त्या अक्षरातली पत्रं माझ्या कपाटात पिशवी भरून आहेत.

कॉन्सेप्टाला वाचता येत नाही. ती विचारत होती, "बाई, काय लिवलंय?" 

वनमाला


घाटकोपर,
३ एप्रिल १९८५

वनू,

दहा दिवस रोज कागद घेऊन बसते आणि रोज फाडते. आज फाडणार नाही.

ते अक्षर माझंच.

डिसेंबरात मी तुला फॉर्म पाठवला तेव्हा माझा परीक्षेशी संबंध नव्हता. फेब्रुवारीत एक तपासनीस आजारी पडल्या आणि सबनीसांनी माझं नाव घातलं. नाही म्हणता आलं नाही. का, ते पुढे सांगते.

पेपरांवर नुसते नंबर असतात, नावं नसतात. पण तो सतरावा प्रश्न वाचला आणि मला कळलं. अभिजितभोवतीची धूळ उपनगरात आणखी किती मुलांना माहीत असणार? ते टिपण मीच पाठवलं होतं. तुझीच विद्यार्थिनी असणार हे मला लख्ख दिसलं. मला इतका आनंद झाला वनू, की मी राजारामना हाक मारून ते उत्तर वाचून दाखवलं. होडीचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. पाचपैकी पाच दिले.

तीन दिवसांनी गठ्ठा परत आला. सबनीस मुख्य परीक्षकही आहेत. वर चिठ्ठी लावली होती, नमुना उत्तराप्रमाणे तपासा. नमुना उत्तर होतं, "बरोबर. कारण हवा, पाणी व योग्य तापमान फक्त पृथ्वीवरच आहे." मी फोन केला. म्हटलं, सर, हे उत्तर नमुन्यापेक्षा जास्त बरोबर आहे. ते म्हणाले, "सुलक्षणाबाई, तुम्ही गेल्या वर्षी शाळेतही हाच सैलपणा केलात. हेडमिस्ट्रेस व्हायचंय ना जूनमध्ये?" सबनीस आमच्या शाळेच्या कमिटीवर आहेत. बावीस शिक्षकांत मी सगळ्यात जुनी. जूनमध्ये जागा रिकामी होणार होती.

मी फोन ठेवला आणि पाच खोडले. शून्य केलं. दोन तरी ठेवता आले असते. पण दोन ठेवले असते तर स्वतःलाच दिसलं असतं की उत्तर बरोबर आहे हे मला माहीत आहे. म्हणून शून्य. आणि म्हणूनच तो शेरा. शेरा लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं. ज्याच्यासमोर लाज वाटते त्याच्यावरच माणूस खेकसतो. मी त्या पोरीवर खेकसले.

तुझं दहा मार्चचं पत्र आलं तेव्हा लगेच सांगायला हवं होतं. त्याऐवजी उत्तरपत्रिका बघू नकोस म्हणून तुला शहाणपण शिकवलं. खोलीचं मात्र खरं होतं. ते लपवण्यासाठी नव्हतं. निदान सगळं लपवण्यासाठी नव्हतं.

सुलू


मालाड,
८ एप्रिल १९८५

सुलक्षणा,

तुझं पत्र मी शाळेत वाचलं, मुलं समोर गणितं करत होती.

मला वाटत होतं कोणीतरी अडाणी माणूस असेल. अडाण्याला माफ करता येतं गं. त्याला माहीत नसतं. तुला माहीत होतं. त्या कागदावर आपल्या हाताने अभिजित लिहिणारी तू. शाळेच्या खुर्चीसाठी तू एका पोरीच्या तीन वर्षांवर रेघ मारलीस, आणि वर तिच्या आईच्या वाक्याची चेष्टा केलीस. गुण गेल्याचं मी एक वेळ सोसेन. ते होडीचं वाक्य लाल शाईत असं टाकून दिलेलं बघून माझ्या अंगाची आग होते. ती पोरगी रोज फेरीबोटीवर तेच बघते. तिच्याकडे जे होतं त्यातून तिने विश्व समजून घेतलं, आणि तू म्हणालीस संबंध नाही.

मला पत्र लिहून काय उपयोग? मी काही मंडळ नाही. जे मला लिहिलंस ते सबनीसांना लिही. मग त्या मुलीसमोर जाऊन तोंडाने सांग. हे दोन्ही होईपर्यंत मला लिहू नकोस.

वनमाला


घाटकोपर,
२९ एप्रिल १९८५

वनू,

तू म्हणाली होतीस लिहू नकोस. पण काल जे झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहितेय.

दहा एप्रिलला मी मंडळाला पत्र दिलं, पोच घेतली. तपासताना माझी चूक झाली आहे, सतराव्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण गुणांचं आहे, कृपया दुरुस्ती करावी. सबनीसांनी बोलावून पत्र माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, "हे मागे घ्या. आलेलंच नाही असं समजू." मी घेतलं नाही. म्हणाले, निकाल अंतिम असतो.

काल अंधेरीला बक्षीस समारंभ होता. तपासनिसांना स्टेजवर बोलावून गुलाबाचं फूल देतात. माझं नाव पुकारलं. मी फूल घेतलं आणि माइकपाशी गेले. म्हटलं, या परीक्षेत सतरावा प्रश्न होता. त्याचं आजचं खरं उत्तर एवढंच आहे की कोणालाही माहीत नाही. गोराईच्या एका मुलीने ते कारणांसकट लिहिलं. मी त्याला शून्य दिलं, आणि ते देताना मला ठाऊक होतं की उत्तर बरोबर आहे. ती मुलगी आज इथे हवी होती.

हॉलमध्ये जरा कुजबुज झाली. पाचव्या नंबरच्या मुलाचे वडील उभे राहिले, म्हणाले, "म्हणजे आमच्या मुलाचं काढून घेणार का?" मी म्हटलं, नाही हो, त्याने मेहनत केली आहे. एक सहावी खाट टाका वसतिगृहात, एवढंच म्हणते. तेवढ्यात सबनीसांनी माइक घेतला. "बाईंची प्रकृती जरा बरी नाही," म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या नावासाठी.

जिना उतरताना मंडळाच्या एका बाईंनी सांगितलं, सहावी खाट होणार नाही. नियमात बसत नाही. एक लोखंडी खाट नियमात बसत नाही, वनू. स्टेजवर फुलांवर जेवढा खर्च झाला तेवढ्यात दहा आल्या असत्या.

आता दुसरं राहिलंय. शाळा बंद झाली की गोराईला जाईन.

सुलू


गोराई,
१६ मे १९८५

आदरणीय वनमालाबाईंना सेराफिनाचा नमस्कार.

तुम्ही मालवणला गावी आहात म्हणून धोंडिराम सरांकडून पत्ता घेतला. आई सांगतेय आणि मी लिहितेय, पण काही माझंही आहे.

रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर आम्ही घरी आलो, तेव्हा घाटकोपरच्या बाई अंगणात उभ्या होत्या. आई काठ्यांवरचे सुके बोंबील काढत होती. बाई उन्हातच उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. म्हणाल्या, "सेराफिना, तुझं उत्तर मी तपासलं. ते बरोबर होतं. मी घाबरून शून्य दिलं आणि वाईट शेरा लिहिला. मी तुझी माफी मागायला आले." आईने विचारलं, "कोणाला घाबरलात?" बाई म्हणाल्या, "एका माणसाला." आई म्हणाली, "फक्त एका माणसाला?" आईने त्यांना पाणी दिलं आणि बाकावर बसवलं.

मी त्यांना विचारलं, माझ्या उत्तरात खरंच काही चूक नव्हती का? त्या म्हणाल्या, एक होती. धूळ आहे म्हणजे ग्रह असतीलच असं नाही. काही धूळ तशीच विखरून जाते. मी "असतील" लिहिलं, तिथे "असू शकतील" लिहायला हवं होतं. मला ते बरं वाटलं. शून्य मिळालं तेव्हा कोणी चूक दाखवली नव्हती. मग त्यांनी सांगितलं की ग्रह शोधायची आणखी एक रीत आहे. ग्रह दिसला नाही तरी त्याच्या ओढीने तारा जरासा डुलतो, ते मोजता आलं तर ग्रह आहे हे कळेल. अजून कोणाला नक्की जमलेलं नाही. मी म्हटलं, म्हणजे नांगरलेली होडी डुलली की खाली पाणी हललं असं आपण म्हणतो तसं. त्या हसल्या आणि मग रडल्या. मला कळलं नाही का.

आता आईचं. बाई म्हणाल्या की त्यांनी मार्चमध्ये तुम्हाला लिहिलं होतं की मला घाटकोपरला पाठवा. आईला हे माहीत नव्हतं. आई तुमच्यावर रागावली आहे. ती सांगते तसंच लिहिते. "वनमालाबाई, तुम्ही माझ्या पोरीसाठी भांडलात, देव तुमचं भलं करो. पण तुम्ही नाही म्हणताना मला विचारलं नाही. हक्क माझ्या पोरीचा होता ना, मग नको म्हणायचा हक्क तुमचा कसा? तुमचं दोघींचं भांडण तुमच्याकडे ठेवा. पोरगी शिकणार की नाही ते बोला. त्या बाईने चुकी केली, ती उन्हात उभी राहून सांगितली. तुम्ही दोन महिने गप्प राहिलात."

बाई, तुम्ही रागावू नका. आई टोपली मला देणार होती, तिने माझ्यासाठी नवीन विणूनसुद्धा घेतली होती, दोन महिने झाले. पण तिने अजून दिलेली नाही.

तुमची विद्यार्थिनी,
सेराफिना


मालाड,
१२ जून १९८५

प्रिय सुलू,

काल गावाहून आले. सेराफिनाचं पत्र मालवणला मिळालं होतं, तिथेच चुलीपाशी बसून वाचलं. अठरा वर्षांत मला कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं. आज सकाळची पहिली फेरीबोट पकडून कॉन्सेप्टाकडे गेले. म्हटलं, चुकले. ती म्हणाली, "बसा, चहा घ्या," आणि पुढे तो विषय काढला नाही. मला तुझ्यावर चिडण्यात इतकं बरं वाटत होतं की ज्या पोरीसाठी चिडले तिला विचारायचंच राहून गेलं.

आता तुझं. बोरिवली स्टेशनबाहेर तुमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या वनिताबाई भेटल्या. त्यांनी सांगितलं, हेडमिस्ट्रेसची जागा दुसऱ्या बाईंना दिली. तुझ्या खालच्या. एप्रिलच्या तीस तारखेलाच, समारंभानंतर दोन दिवसांनी. आणि मंडळाच्या तपासनिसांच्या यादीतून तुझं नाव काढलं. तू एका ओळीनेही कळवलं नाहीस. का? मला तुझी दया येईल म्हणून? मला दया आलेली नाही. मला संताप आला आहे. जोपर्यंत तू खोटं लिहीत होतीस तोपर्यंत खुर्ची तुझी होती, आणि खरं बोललीस त्याच आठवड्यात गेली. तो सबनीस मात्र फुलं वाटत बसलाय. हे मी असं सोडणार नाही. मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलंय, प्रश्न, नमुना उत्तर, तिचं उत्तर, सगळं. छापतील की नाही माहीत नाही. नाही छापलं तर दुसऱ्याला पाठवीन. धोंडिराम सर म्हणाले, आणखी एक मेमो मिळेल. मी म्हटलं, द्या, मुलांना पाठकोरे कागद लागतातच.

यावेळी लिहिण्याआधी कॉन्सेप्टाला विचारलं. ती म्हणाली, पोरीचं नाव घाला, लपवायचं काय.

तुला मी माफ केलंय असं समजू नकोस. तो लाल शेरा मला अजून डोळे मिटले की दिसतो. पण तू स्टेजवर उभी राहिलीस ते माझ्या मनात येत राहतं, तुझ्या जागी मी असते तर पुढे झाले असते का, माहीत नाही. या दोन्ही गोष्टी माझ्यात एकत्र राहतात आणि मी त्यांना राहू देते.

रविवारी सोळा तारखेला आम्ही तिघी येतोय, मी, कॉन्सेप्टा आणि सेराफिना. सोमवारी तुमची शाळा आहे. कॉन्सेप्टाच्या अटी आहेत त्या ऐकून ठेव. दर महिन्याला ती सुकट आणि बोंबील आणून देणार, नको म्हणायचं नाही. रविवारी पोरगी मिसेला जाणार. मे महिन्यात घरी येणार. आणि कोणी पाहुण्याने विचारलं तर ही आमच्याकडे शिकायला आहे म्हणायचं, आम्ही सांभाळतो म्हणायचं नाही.

निघताना सेराफिना धक्क्यापर्यंत सोडायला आली. बोट सुटायला वेळ होता. म्हणाली, "बाई, घाटकोपरच्या बाई अजून घाबरतात का?" मी म्हटलं, ते मी कसं सांगू? "मग मीच विचारीन," म्हणाली, "त्यांच्याच घरी राहायचंय, तर आधी ते माहीत हवं."

ती विचारणार आहे, सुलू. दारात पाय ठेवल्या ठेवल्या विचारील. तिला खरं काय ते सांग.

तुझी,
वनू